पंखा बंद कर

शोकसभेत दोन मिनिटं मौन पाळायचं म्हटलं की आमच्या शाळेत ते फार तर पाऊण मिनिट चालतं. मुख्याध्यापक घसा खाकरतात, कुणीतरी खुर्ची सरकवतं आणि सगळे सुटल्यासारखे खाली बसतात. सर तेवढे बसायचे नाहीत. मान खाली, नजर मनगटावरच्या घड्याळावर, असे ते दोन मिनिटं पुरी होईपर्यंत एकटे उभे असायचे. पुढचा वक्ता माइकपाशी येऊन बोलायला लागलेला असायचा आणि मधल्या रांगेत हा माणूस खांबासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी खोड काढताहेत. नंतर विचारलं तर म्हणाले, "मॅडम, गेलेल्या मानसाले दोनच तं मिनिटं देतो आपन. त्यातबी मापात मारायचं का?"

ते गणित शिकवायचे. आदिलाबादच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, त्यांचं आणि माझं टेबल लागून होतं. मी मराठी शिकवते. मौनाची ती दोन मिनिटं सोडली तर या माणसाला बाकी सगळ्याची घाई. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत डबा संपलेला असायचा. फळ्यावर आधी उत्तर लिहायचे आणि पोरांना म्हणायचे, आता याचं गणित शोधा. पालक भेटायला आले आणि पाऊसपाण्यापासून बोलायला लागले की सर हात वर करायचे. "लौकर सांगा. आयकनाऱ्याले कामं हायत." हे वाक्य त्यांनी पालकांना ऐकवलं, मुख्याध्यापकांना ऐकवलं आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना भाषणाच्या मध्येच ऐकवलं. साहेब तेलुगू होते, त्यांना मराठी नीट कळत नव्हतं, म्हणून निभावलं.

मी हे सावकाश लिहिते आहे, एकेक ओळ खोडून. शेजारचं टेबल रिकामं आहे. आता मला कुणी घाई करत नाही.

सरांच्या घरी पंखा नव्हता. मे महिन्यात आदिलाबादला भिंतीला पाठ टेकवत नाही, आणि या माणसाच्या दोन खोल्यांत छताला नुसता हूक. गल्लीतले लोक कंजूष म्हणायचे. शाळेतही ते खुर्ची उचलून पंख्याच्या वाऱ्यातून बाहेर, दाराशी नेऊन बसायचे. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे असं का करता म्हणून टोकणारं घरात कुणी नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की संधिवात असेल.

सायकलच्या कॅरिअरला ते खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी लांबुडकं बांधून आणायचे. आमच्या शिपायानं एकदा विचारलं, "सर, फवाऱ्याचा पंप हाय का?" सर म्हणाले, "हौ. किडीवरच हाय." पिशवीत गिटार होती. शाळा सुटली की ती तशीच बांधून ते बाजाराच्या दिशेनं निघून जायचे.

सर हैदराबादला बी.एड. करत होते तेव्हा वसतिगृहातला सोबती खोली सोडून गेला आणि जाताना एक सीडी विसरून गेला. तिच्यात परदेशातल्या पोरांची गाणी होती. अशा गाण्यांना पॉप पंक म्हणतात हे सरांना पुष्कळ वर्षांनी कळलं. मला त्यांनी मोबाइलवर एक गाणं ऐकवलं तेव्हा मला नुसता गोंगाट वाटला. मग त्यांनी गणित सोडवून दाखवावं तसं उलगडून सांगितलं. सूर तेच ते तीन-चार. ड्रम पळत सुटलेला. चाल लहान मुलाच्या गाण्यासारखी गोड, गळा नाकातला, आणि शब्दांत मात्र सगळी तक्रार. इंग्रजी शब्द त्यांनाही अर्धेमुर्धेच कळले होते. "पन एक कळ्ळं, मॅडम. हे पोट्टे घरच्यायवर रुसले हायत, अन् यायले रडायले टाइम नाई."

तुमचं वय काय, तुम्ही कुणावर रुसलात, असं मी हसून विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, दुःख हळूच सांगावं लागतं हे कोणी ठरवलं? शोकसभेत बोलणारा माणूस किती हळू बोलतो ते बघा. "कारन त्याचं काई गेलं नसते. ज्याच्या घराले आग लागली, तो हळू बोलते का?"

अक्काबद्दल मला त्याच दिवशी कळलं. अक्का ही त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेलेले. दुसऱ्यांच्या शेतात राबणारं घर, स्वतःची जमीन कधीच नव्हती. अक्का कापूस बाजाराजवळच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागली. जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी काढतात आणि उरलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. तिथे हवाच पांढरी असते. बायका नाकातोंडावर पदर बांधून कापसातला कचरा वेचत बसतात आणि घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या असतात. अक्कानं लग्न केलं नाही. भावाला शिकवलं. भाऊ मास्तर झाला तोवर तिला चार पावलं चाललं तरी थांबावं लागत होतं. डॉक्टर त्या आजाराचं नाव वेगळं सांगायचे. सर म्हणायचे, छातीत रुई बसली.

शेवटी ती खाटेवरच होती. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून सरांनी नवा पंखा आणून लावला. पंखा फिरायला लागला की ती हात हलवायची. "पंखा बंद कर न रे बापू, रुई उडून राह्यली." घरात रुई कुठे होती? सरांनी उशी काढून टाकली, गादी काढून टाकली, जमीन पुसून तिला दाखवली. ती हौ म्हणायची. पंखा लावला की पुन्हा तेच. तेच म्हणत ती गेली. सरांनी पंखा उतरवला आणि देऊन टाकला.

हे सगळं त्यांनी मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं. मग खडूचे हात झटकले आणि म्हणाले, "आता याचं गानं कराचं हाय. अक्का म्हने तसंच. लोकायनं एकडाव तिचं आयकलं पायजे." घंटा झाली आणि ते वर्गावर गेले.

एका गाण्याची पुढे अकरा गाणी झाली. अल्बमचं नाव त्यांनी 'रुई' ठेवलं. साथीला दोघे होते. ड्रम वाजवायला रफीक, तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. चार तारांची मोठी गिटार धरायला श्रीनू, तो वीजखात्यात लाइनमन. श्रीनूला ती गिटार सरांनीच शिकवली, फळ्यावर आकडे मांडून. सर आमच्या वऱ्हाडी वळणाच्या मराठीतले, रफीक दखनीतला, श्रीनू तेलुगूतला, आणि भांडण लागलं की तिघेही हिंदीवर यायचे. पहिल्याच तालमीला रफीक म्हणाला होता, "सर, बरात में इत्ता फास्ट बजाया तो दूल्हा घोडे पे से गिर जाता." सर म्हणाले, पडू दे, लवकर घरी पोचेल.

गल्लीत तालमी करू देईनात, तेव्हा अक्का जिथे काम करायची त्याच जिनिंगचं गोदाम मिळालं. मालकाचा मुलगा सरांच्या हाताखालून गणितात पास झाला होता. गोदामात रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. त्या गाठींच्या मधे टाळी वाजवली तर आवाज हातातच राहायचा. शहरात रेकॉर्डिंगसाठी असा न घुमणारा आवाज मिळवायला भिंतींना काय काय लावतात म्हणे. इथे तो हंगामाबरोबर आयता आला होता. वॉचमननं एकच अट घातली, ठिणगी उडता कामा नये. श्रीनूनं सगळ्या वायरी स्वतः ओढल्या, आणि प्रत्येक यंत्राशेजारी वाळूची बादली ठेवली. रफीकला बिडी ओढायला पार फाटकाबाहेर जावं लागायचं, तो जाताना आणि येताना दोन्ही वेळा कुरकुरायचा.

मला सरांनी ऐकायला बोलावलं. "एक तरी आयकनारं पायजे. नाईतं आमी तिघं एकमेकायसाठीच वाजवून राह्यलो." मी एका गाठीवर बसायचे. गाणी आमच्याच गावची होती. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन भाषांत दिल्या जाणाऱ्या सूचना. पैनगंगेच्या पुलापलीकडे, महाराष्ट्रात, दिलेली लेक. पदवीधर झालेला भाऊ आणि त्याला नोकरीचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहायला सांगणारी बहीण. सर गायचे ते पोरासारखं, मान ताठ करून, जणू कुणीतरी त्यांना मधेच थांबवणार आहे. शब्द त्यांनी मला आधी दाखवले होते. चूक असेल तर सांगा म्हणाले. मी सांगितलं, एक अक्षर हलवू नका.

सहा गाणी रेकॉर्ड झाली आणि एका सकाळी गोदाम रिकामं. भाव चढला, मालकानं गाठी विकल्या, ट्रक भरून गेले. कापूस विकायसाठीच असतो, हे कापसाच्या गावात जन्म काढलेल्या त्या तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. रिकाम्या गोदामात रफीकनं काडी आपटली तर आवाज चारी भिंतींना लागून परत आला. रफीक हसत सुटला. सर हसले नाहीत, त्यांनी नुसती बोटं मोजली, आणखी पाच गाणी.

दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीत दारोदार फिरले. थंडी सरली होती आणि गोधड्या घडी करून ठेवायचे दिवस होते. आदिलाबादची थंडी कडक, घरोघरी जाड गोधड्या. बायकांनी विचारलं, काऊन पायजे? सर म्हणाले, गाण्याला पांघरायला. त्यांना वेडं समजून का होईना, बायकांनी दिल्या. गोदामात दोऱ्या बांधून त्या लटकवल्या. जुनी लुगडी, पोरांच्या चड्ड्या, शाळेचे गणवेश, सगळ्या गल्लीची चिंध्यांची भिंत झाली, आणि तिच्या आत घराघरांचे वास.

अक्काचं गाणं सरांनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. एप्रिल तापलेला. दारं लावलेली, आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. रफीकनं सदरा काढून बाजूला टाकला. ते गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

उशी फेकली, गादी फेकली, झाडलं सारं घर,
तरी म्हने बापू, पंखा बंद कर.

चाल इतकी गोड की मी पायानं ताल धरला होता. मग तिचं वाक्य आलं, जसंच्या तसं, पुन्हा पुन्हा. पंखा बंद कर न रे बापू, रुई उडून राह्यली. माझा पाय थांबला. शेवटच्या वेळी ते वाक्य म्हणताना गोदामातलीच कुठली तरी जुनी रुई सरांच्या घशात गेली. ते खोकले. कोरडा, आत ओढलेला खोकला. त्या खोकल्यावरच गाणं संपलं.

रफीकनं हातानं झांज धरून तिचा आवाज थांबवला. "फिर से लेंगे सर?"

सर गोधड्यांकडे बघत होते. म्हणाले, "नाई. राहू दे."

अल्बम इंटरनेटवर टाकायच्या आधी त्यांनी तो जिनिंगच्या आवारात लावला, बायकांच्या जेवणाच्या सुट्टीत, मागून आणलेल्या स्पीकरवर. मी तिथे नव्हते. सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सांगायला वेळ घेतला. बायका भाकरी खाता खाता ऐकत होत्या. वेगाच्या गाण्यांना एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. अक्काचं गाणं लागलं तेव्हा अक्काच्या शेजारी बसून कचरा वेचलेली एक म्हातारी जेवायची थांबली. गाणं संपल्यावर म्हणाली, "अक्का हाय हे. गळा तुहा हाय, पन बोलनं तिचंच." मग म्हणाली, "अजून एकडाव लाव." सरांनी लावलं. मला हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की मी पुस्तक मिटून ठेवलं.

पुढचंही झालं, म्हणून तेही लिहिते.

शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, सर, थोडं गोड गळ्यानं गाता येत नाही का? एका शिक्षकानं विचारलं, एवढं कोण मागे लागलं होतं हो? हे चालायचंच. मग कुठल्यातरी शहरातल्या एका गृहस्थानं संगीतावरच्या संकेतस्थळावर अल्बमबद्दल चार ओळी लिहिल्या. ग्रामीण विनोदाचा ताजा बाज, शेवटचं गाणं खुदकन हसवतं, भाषेवर थोडे संस्कार झाले असते तर आणखी रंगत आली असती. सरांनी तो मजकूर मोबाइलवर माझ्यासमोर धरला. "मॅडम, हे संस्कार म्हंजे कोनावर कराचे म्हनते हा? माह्या अक्कावर?"

मला उत्तर माहीत होतं. आमची बोली बोलणारा माणूस नाटकात आला, सिनेमात आला, की तो गमतीचा असतो. त्यानं तोंड उघडायच्या आधी लोक हसायची तयारी करतात. आमच्या बोलीत कुणी मरतं, हे पुलापलीकडच्या लोकांनी कधी ऐकलेलंच नाही. अलीकडे, तेलंगणात, आमचं मराठी उपरं. पलीकडे गेलं की गमतीचं.

मग ते रील आलं. कुणा जोडप्यानं केलेलं. नवरा दुपारी पंख्याखाली घोरतो आहे, बायको येऊन बटण दाबते, मागे सरांचा आवाज, आणि शेवटच्या खोकल्यावर नवरा पलंगावरून खाली पडतो. पंधरा दिवसांत ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. वसतिगृहातली पोरं, दुकानातले नोकर, सासू आणि सून, एक मांजर. सगळे पंखा बंद करायचे आणि सगळ्यांचा विनोद त्या खोकल्यावर यायचा. बाकीची दहा गाणी कुणी ऐकली असतील असं मला वाटत नाही. गावातल्या लोकांना मात्र आता सरांचा अभिमान वाटू लागला. बाजारात हाक मारून विचारायचे, काय सर, पंखा बंद का चालू?

आमची पोरंही त्यातलीच. सर वर्गात शिरले की पहिल्या बाकावरचा मुलगा उठून पंख्याचं बटण बंद करायचा आणि सगळा वर्ग हसायचा. वाईट हेतू नव्हता. आवडते सर होते ते त्यांचे. पहिल्या दिवशी सरांनी स्वतः जाऊन पंखा लावला आणि मग दाराशी, वाऱ्याबाहेर उभं राहून शिकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर नंतर ते बटणाकडे जाईनासे झाले. घामानं भिजलेल्या पोरांना ते उत्तरं लिहून द्यायचे आणि पोरं गणित शोधायची.

रफीकच्या बँडला लग्नांत त्याच गाण्याची फर्माइश यायला लागली. एकदा तो शाळेच्या फाटकाशी आला, सरांना बाहेर बोलावलं. मी खिडकीतून पाहत होते. रफीक खाली बघून बोलत होता. नंतर सरांनी सांगितलं, काल त्याला बरातीत ते वाजवावं लागलं. म्हणाला, "पेट है सर, बजाना पडा. आंखां बंद करके बजाया." वरात नाचली, नवरदेवही घोड्यावरून उतरून नाचला.

नागपूरच्या एका कॉलेजनं महोत्सवाला बोलावलं तेव्हा सरांना वाटलं, आता सांगता येईल. त्यांनी नवा शर्ट शिवला. मला म्हणाले, समोरासमोर सांगितलं तर माणूस समजतो, फोनवर नाही समजत. मी हो म्हणाले. तसंच असायला हवं होतं.

तिथे काय झालं ते रफीकनं मला सांगितलं. कॉलेजच्या लोकांनी आधीच बजावलं, बाकीची गाणी नकोत, तेच दोनदा म्हणा. एका कूलरवाल्या कंपनीनं पोरांना कागदी पंखे वाटले होते, ते सगळे हलत होते. सर माइकपाशी गेले आणि गाण्याआधी म्हणाले, "हे गानं माह्या बहिनीचं हाय. ती जिनिंगमधी होती. ती हेच म्हनत गेली. एकडाव नीट आयका." 'माह्या बहिनीचं' म्हटल्याबरोबर हशा पिकला. 'गेली' म्हटल्यावर आणखी मोठा, कारण पोरांना वाटलं विनोद आता पुढे येणार. मागून कुणीतरी ओरडलं, सर, कूलर लावा. सर गायले. नेहमीच्याच वेगानं, मान ताठ करून. शेवटी खोकल्याची जागा आली तेव्हा सर खोकले नाहीत, ते थांबले होते. पण समोरचं सगळं मैदान एका वेळी खोकलं. पोरांना तो खोकला पाठ होता.

दुसऱ्यांदा सरांनी गाणं म्हटलं नाही. आयोजक म्हणाले, चालेल, मजा आली.

परतीच्या गाडीत सर खिडकीपाशी बसून होते. आदिलाबाद आलं, सामान उतरवलं, फलाटावर श्रीनू मोठी गिटार पोत्यात बांधत होता, तेव्हा सर रफीकला म्हणाले, "रफीकभाय, हळू म्हनावं लागत होतं का?"

रफीकनं मला हे सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, मैं क्या बोलता?"

त्यानंतर सर शाळेत यायचे, सायकलच्या कॅरिअरला काही नसायचं. डबा घंटा झाल्यावर खायचे. एक पालक आला आणि यंदा पाऊस कसा ओढ घेतो आहे इथून त्यानं सुरुवात केली. मी सवयीनं सरांच्या हाताकडे पाहिलं. हात टेबलावरच होता. तो माणूस पावसावरून बियाण्यावर, बियाण्यावरून मेव्हण्यावर गेला, आणि सर मान हलवत ऐकत बसले. 'लौकर सांगा' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. आमच्या लोकांना वाटलं, वयानं माणूस निवळला. मुख्याध्यापक तर कौतुकानं म्हणाले, सर आता कसे आपल्यातले वाटतात.

पुढच्या मेच्या सुट्टीत ते गेले. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारच्या बाईनं सकाळी दार ढकललं तेव्हा खोली भट्टीसारखी तापलेली होती, आणि वर नुसता हूक.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात शोकसभा ठेवली. फोटोला हार. रफीक आणि श्रीनू इस्त्रीचे कपडे घालून भिंतीलगत बसले होते, त्यांना कुणी ओळखलं नाही. मुख्याध्यापक सावकाश बोलले. हसतखेळत गणित शिकवणारे सर, पलीकडच्या महाराष्ट्राला हसवून आपल्या शाळेचं नाव काढणारे सर. अक्काचं नाव त्यांना माहीत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, आपल्या सरांना त्यांच्याच गाण्यानं निरोप देऊ या, आणि मोबाइल माइकला लावला.

डोक्यावर हॉलचे सगळे पंखे घरघरत होते. पहिल्या ओळी त्यातच विरल्या. रफीक उठला. सगळ्यांच्या समोरून चालत बटणांपाशी गेला आणि एकेक करून सगळे पंखे बंद केले. गोदामात करायचे तसेच, आवाज स्वच्छ यावा म्हणून.

हॉल हसला. आधी पोरं, मग मास्तर. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कितीतरी फोन वर झाले. रफीक बटणांवर हात ठेवून उभा होता, तो परत जागेवर गेला नाही. त्या हसण्याच्या आत कुठेतरी सर उशी फेकत होते, गादी फेकत होते. खोकल्याच्या जागी मागच्या रांगा खोकल्या.

मग दोन मिनिटं मौन. सगळे उभे राहिले. घाम वाहत होता. थोड्या वेळानं मुख्याध्यापकांनी घसा खाकरला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी रफीकला बाजूला सारून पंखे लावले. सगळे बसले. भिंतीलगत श्रीनू उभा होता, बटणांपाशी रफीक उभा होता, आणि मी.

मागच्या खुर्चीवरच्या नव्या शिक्षिकेनं माझ्या हाताला हळूच हात लावला.

"झालं, मॅडम," ती म्हणाली. "बसा न."

झालं नव्हतं. मी घड्याळाकडे बघत होते.